कावीळ उतरत नाही तेव्हा

भोरला दवाखाना चालवत असताना एक गोष्ट फार लवकर माझ्या ध्यानात आली. काविळीचा रुग्ण सहसा आधी डॉक्टरकडे येत नाही. तो कावीळ 'उतरवून' येतो. वेळवंड खोऱ्यात जा, हिर्डोशीकडे जा, नाहीतर तिकडे वेल्ह्यात पासली-केळदच्या अंगाला जा. काविळीचे औषध देणारा माणूस दोन-चार गावांआड सापडतोच. कोणी हाताला पाल्याचा रस लावून ते चुन्याच्या पाण्याने धुतो आणि परातीत उतरलेले पिवळे पाणी दाखवतो. कोणी देवडांगरीच्या पाण्याचे थेंब नाकात सोडतो. कोणी मुळी उगाळून ताकातून देतो आणि तेलकट-तिखट बंद करायला सांगतो. पैसे तो बहुधा मागत नाही; नारळ ठेवला तरी चालतो.

या मंडळींची टिंगल करावी म्हणून मी हे लिहीत नाही. त्यांच्याकडे गेलेली बहुतेक माणसे बरी होतात, हे खरे आहे. किंबहुना ती बरी होतात म्हणूनच प्रश्न बिकट होतो. दूषित पाण्यातून पसरणारी, पावसाळ्यात गावोगाव दिसणारी कावीळ ही विषाणूंमुळे यकृताला सूज येऊन होते. गरोदर बाई आणि आधीच यकृत बिघडलेला माणूस यांना ती जिवावर बेतू शकते. परंतु इतर बहुतेकांत ती काही आठवड्यांत आपली आपण ओसरते. ओसरते ती शरीराच्या गुणाने, आणि श्रेय जाते परातीतल्या पाण्याला. त्या पाण्याचा पिवळेपणा रसाचा आणि चुन्याचा असतो, पित्ताचा नसतो. पण बरा झालेला माणूस समोर हिंडत असताना हे ऐकून कोण घेणार?

अडचण अशी, की कावीळ हे रोगाचे नाव नाही; ते एका लक्षणाचे नाव आहे. यकृतात रोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार होते. ते एका बारीक नळीतून, म्हणजे पित्तनलिकेतून, खाली उतरते, स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागातून वाट काढते आणि बहुतेकांत स्वादुपिंडाच्या नळीसह एकाच तोंडाने लहान आतड्यात उघडते. शेताला पाणी देणारा दांड जसा एका ढेकळाने तुंबतो, तशी ही नळी एखाद्या खड्याने, गाठीने किंवा आकसल्याने तुंबली, की पित्त मागे साचते आणि रक्तात मिसळते. डोळे तेव्हाही पिवळेच दिसतात. परंतु ही कावीळ कोणी उतरवून उतरत नाही. तिची खूण वेगळी असते. लघवी काळपट पिवळी होते, शौचाचा रंग जाऊन ते पांढुरक्या मातीसारखे होते आणि अंगाला खाज सुटते. थंडी वाजून ताप आला, तर तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले असे समजावे. मग दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब करावा लागतो.

हे सारे पाठ्यपुस्तकात दोन पानांत असते. ते मला खऱ्या अर्थाने समजले एका आजींमुळे. साल १९९६. तोरण्याच्या पायथ्याजवळच्या एका वाडीतून त्यांचा मुलगा त्यांना घेऊन आला होता. मुक्कामी एसटीने पहाटे निघून, नसरापूरला गाडी बदलून मायलेक भोरला पोचले होते. आजींच्या दोन्ही दंडांवर नखांचे ओरखडे होते.

"आजी, खाज कधीपासून सुटते?" मी विचारले.

"लावणीच्या आदीपास्नं. दोनदा उतरवून आणली, डाक्टर. पानी पिवळंधमक आलं बगा परातीत, पन डोळं काय पांढरं व्हईनात."

मी त्यांना पुण्याला पाठवले. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली दिसली. पण तिचे खालचे टोक आतड्यातल्या वायूमुळे झाकले गेले होते. अडथळा आहे की नाही, असला तर कसला, हे समजेना. त्या काळी पुढची वाट एकच होती. तोंडातून दुर्बीण घालायची, ती जठर ओलांडून लहान आतड्यापर्यंत न्यायची, पित्तनलिकेच्या तोंडात बारीक नळी सरकवायची, तिच्यातून रंगद्रव्य सोडायचे आणि क्ष-किरणांखाली चित्र घ्यायचे. या तपासणीला ईआरसीपी म्हणतात. आजींची ती झाली. खडा निघाला नाही. बहुधा तो आधीच आपल्या वाटेने आतड्यात निसटून गेला असावा. मात्र तपासणीनंतर त्याच रात्री त्यांच्या स्वादुपिंडाला सूज आली. पोटातल्या असह्य कळांनी त्या तीन आठवडे रुग्णालयात पडून होत्या. त्या वाचल्या. घरची दुभती म्हैस मात्र विकली गेली.

यात कोणाची चूक झाली असे मी म्हणणार नाही. ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज येणे ही त्या तपासणीची जगभर ठाऊक असलेली गुंतागुंत आहे. निष्णात हातांतही शंभरांत तीन ते दहा रुग्णांना ती होते, आणि क्वचित प्राणही जातात. मनाला जे लागून राहिले ते दुसरेच होते. जो खडा नळीत नव्हताच, तो नाही एवढेच कळण्यासाठी आजींनी ही किंमत मोजली होती.

ईआरसीपीची कथा १९६८ मध्ये सुरू झाली. वॉशिंग्टनच्या विल्यम मॅक्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्बिणीतून या नळ्यांचे तोंड गाठल्याचे प्रथम प्रसिद्ध केले. १९७४ मध्ये जपान आणि जर्मनी या दोन्ही देशांतल्या डॉक्टरांनी दुर्बिणीतूनच ते तोंड छेदून खडे बाहेर काढण्याची रीत दाखवून दिली. पोट न फाडता खडा काढता येतो, ही केवढी मोठी गोष्ट! या तपासणीने असंख्य माणसांना जीवदान दिले आहे आणि आजही देत आहे. पण पाहण्याचे काम आणि काढण्याचे काम एकाच हत्याराकडे असल्याने, ज्याचे काही काढायचे नाही त्यालाही त्या हत्याराखालून जावे लागत होते.

ही जोडी फोडली ती चुंबकाने. एमआरआयचा पाया १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी घातला; पुढे त्यांना आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९१ मध्ये जर्मनीतल्या वॉलनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच यंत्रावर फुगलेल्या पित्तनलिकांची चित्रे काढून दाखवली. या तपासणीला पुढे एमआरसीपी हे नाव रूढ झाले. तिच्यात सुई नाही, दुर्बीण नाही, क्ष-किरण नाहीत, आणि नेहमीच्या तपासणीत बाहेरून कोणते रंगद्रव्यही सोडावे लागत नाही. रुग्ण चार-सहा तास उपाशी राहतो, बोगद्यासारख्या यंत्रात उताणा पडतो, सांगितले की श्वास रोखतो, आणि अर्ध्या-पाऊण तासात मोकळा होतो.

यामागची युक्ती सोपी आहे. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजनचे अणू असतात. नेहमीच्या एमआरआय यंत्राचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट असते. त्यात हे अणू शिस्तीत उभे राहतात. रेडिओ लहरींचा धक्का दिला की ते डळमळतात आणि स्वतः संकेत देऊ लागतात. यकृत किंवा स्नायू यांसारख्या घट्ट भागांतून येणारा संकेत चटकन विझतो. स्थिर द्रवाचा संकेत मात्र बराच वेळ टिकतो. तेव्हा यंत्राने थोडे थांबून मगच ऐकायचे. बाकी सारे तोवर गप्प झालेले असते आणि उरते ते फक्त साचलेले पाणी. रक्तही द्रवच, पण ते वाहून पुढे जात असल्याने या चित्रात उजळत नाही. तोरण्याच्या माचीवर संध्याकाळी उभे राहिले, की डोंगर-झाडी काळी होत जाते आणि खाली धरणाचे पाणी तेवढे चकाकत राहते. एमआरसीपीचे चित्र जवळजवळ तसेच दिसते. काळ्या पार्श्वभूमीवर पित्ताशयाची पांढरी पिशवी, पित्तनलिकेच्या पांढऱ्या फांद्या, खाली स्वादुपिंडाची बारीक पांढरी रेघ. नळीत खडा असला, तर त्या पांढऱ्यात काळा ठिपका. गाठीने नळी दाबली असली, तर पांढरी रेघ तिथे एकदम तुटलेली.

जठरातले पाणीही असेच चमकते आणि चित्रात घोटाळा करते. उपाशी राहायला सांगतात ते यासाठी. काही ठिकाणी तपासणीआधी अननसाचा रस पाजतात. त्यातल्या मँगनीजमुळे जठरातल्या द्रवाची चमक मावळते.

चित्रावर विश्वास किती ठेवावा? २०१५ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र पडताळा प्रसिद्ध झाला. पित्तनलिकेत खडा असलेल्या शंभर जणांपैकी सुमारे ९३ जणांचा खडा एमआरसीपीने दाखवला, आणि खडा नसलेल्या शंभरांपैकी सुमारे ९६ जणांना 'नाही' असे बरोबर सांगितले. त्याआधीच, २००२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या परिषदेने ईआरसीपीचा जोर निदानाकडून उपचाराकडे वळला पाहिजे, असा कौल दिला होता. साध्या भाषेत सांगायचे तर, आधी बाहेरून बघा. काढायचे काही असेल तरच आत शिरा.

हा फरक मी माझ्या दवाखान्यातही पाहिला. आजींच्या नंतर पुष्कळ वर्षांनी त्याच रस्त्यावरच्या गावातला एक तरणा शेतकरी तशीच कावीळ घेऊन आला. सोनोग्राफीत पुन्हा तेच, नळी फुगलेली, खालचे टोक दिसत नाही. या वेळी एमआरसीपी झाली. नळीच्या तळाशी एकच खडा स्पष्ट दिसला. दुर्बीण टाकणाऱ्या डॉक्टरांना आत जाण्याआधीच ठाऊक होते, की कुठे जायचे आणि काय काढायचे. गडी चौथ्या दिवशी घरी आला आणि भाताच्या कापणीला उभा राहिला.

स्वादुपिंडाच्या बाबतीत तर या तपासणीचे मोल आणखी वाढते, कारण हा अवयव जठराच्या मागे दडलेला असतो आणि त्याला विनाकारण डिवचलेले त्याला खपत नाही. आपल्याकडे त्याचा एक खास आजारही आहे. दारूला न शिवलेल्या, अंगाने किडकिडीत अशा तरुण मुलामुलींना वारंवार पोटात दुखते, स्वादुपिंडाच्या नळीत खडे धरतात, नळी फुगते आणि पुढे मधुमेह जडतो. केरळात या आजाराचा मोठा अभ्यास झाला, पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मधुमेही रुग्णांवर केलेले संशोधन १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. 'पित्त झालंय' म्हणून सोडा पिणारी आणि वर्षानुवर्षे पोट धरून बसणारी अशी मुले आमच्या भागातही असू शकतात, हे त्यामुळे आम्हा साध्या डॉक्टरांच्या डोक्यात आले. खडे सोनोग्राफीत किंवा साध्या क्ष-किरणातही दिसतात. नळी कुठे फुगली, कुठे आकसली, याचा नकाशा मात्र दुर्बीण न घालता एमआरसीपीत मिळतो. लहान मुलांत पित्तनलिका जन्मतःच पिशवीसारखी फुगलेली असणे, किंवा पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत नळीला इजा होणे, या वेळीही असा नकाशा शल्यविशारदाला आधी हातात हवा असतो. वाट पुरती बंद असेल, तर खालून सोडलेले रंगद्रव्य अडथळ्याच्या वर चढत नाही. एमआरसीपीत अडथळ्याची वरची आणि खालची दोन्ही बाजू दिसते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण नव्या यंत्राचे नुसते गोडवे गाणे हाही एक आजारच आहे. चार-पाच मिलिमीटरहून लहान खडा एमआरसीपीतून निसटू शकतो. नळीतला हवेचा बुडबुडा खड्याचे सोंग आणतो. श्वास रोखता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे चित्र हलते. हृदयात पेसमेकर किंवा शरीरात धातूचा तुकडा असेल, तर आधी सांगावेच लागते. बंद बोगद्यात काहींचा जीव घाबरतो. आणि मुख्य म्हणजे ही तपासणी फक्त पाहते. ती खडा काढत नाही, गाठीचा तुकडा घेत नाही, तुंबलेले पित्त मोकळे करत नाही. थंडी-तापाने फणफणलेल्या आणि अडथळा उघड दिसत असलेल्या रुग्णाला 'आधी एमआरसीपी करून या' म्हणून दोन दिवस फिरवणे हा गुन्हा ठरेल. तसेच, प्रत्येक पोटदुखीला हे काही हजारांचे चित्र काढायला लावणे ही लूट ठरेल.

एवढे सगळे कळूनही माझ्या हातून झालेली एक चूक मी विसरू शकत नाही. भोरमधलेच एक गृहस्थ, साठी ओलांडलेले. ते आले तेव्हा गावात काविळीची साथ होती. मी डोळे पाहिले, विश्रांती सांगितली, ग्लुकोज लिहून दिले. शौचाचा रंग विचारला नाही. खाज विचारली नाही. पोटात दुखत नाही म्हणाले, त्यावर मी निश्चिंत झालो. वास्तविक न दुखता वाढत जाणारी कावीळ म्हाताऱ्या माणसात अधिक धास्तीची असते. ते माझे औषध संपवून मग कावीळ उतरवून आले, आणि दीड महिन्याने पुण्यात पोचले. एमआरसीपीच्या चित्रात पित्ताची आणि स्वादुपिंडाची अशा दोन्ही नळ्या फुगलेल्या आणि एकाच जागी तुटलेल्या दिसल्या. स्वादुपिंडाच्या डोक्यात कर्करोगाची गाठ होती आणि ती शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेली होती. दीड महिना आधी कळले असते तर ते वाचले असते, असे छातीठोकपणे मी म्हणू शकत नाही. हा रोग फार निर्दय आहे. परंतु तो दीड महिना त्यांच्याजवळ होता आणि तो मी घालवला, एवढे निश्चित. परातीतले पाणी दाखवणाऱ्या माणसात आणि माझ्यात त्या दिवशी कोणता फरक होता?

म्हणूनच 'प्रत्येक तालुक्याला एमआरआय' अशी घोषणा कोणी दिली, तर मी तिच्यामागे जाणार नाही. वेल्हे तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ५४ हजार होती. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला. लोकांच्या तोंडी मात्र अजून वेल्हेच आहे. एवढ्याशा तालुक्यात कोट्यवधींचे यंत्र आणून ठेवले, तर वीज, देखभाल आणि चित्र वाचणारा तज्ज्ञ यांच्याविना ते धूळ खात पडेल. यंत्र पुण्यात असायला माझी हरकत नाही. माझी तक्रार आहे ती वेल्ह्याच्या वाडीपासून त्या यंत्रापर्यंतच्या वाटेबद्दल.

ती वाट अशी असावी. काविळीच्या प्रत्येक रुग्णाला लघवी, शौच आणि खाज हे तीन प्रश्न उपकेंद्रातल्या परिचारिकेने आणि आशाताईंनी विचारावेत. रक्तातले बिलिरुबिन कोणत्या प्रकारचे वाढले आहे, ही साधी तपासणी आणि सोनोग्राफी तालुक्याच्या जागी रोज मिळावी, ठरावीक वारी नव्हे. अडथळ्याचा संशय आला, की तिथूनच पुण्याच्या सरकारी रुग्णालयात एमआरसीपीची वेळ ठरावी. केळदहून निघालेल्या माणसाला 'आज नंबर नाही, उद्या या' हे ऐकायला लागू नये, कारण त्याला उद्या यायचे म्हणजे रात्र फलाटावर काढायची असते. आणि खर्चाचे काय? राज्यात २०१२ पासून सुरू झालेली, आज महात्मा फुले यांचे नाव असलेली जनआरोग्य योजना मुळात रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. दाखल करायचे की नाही हे ठरवणारी तपासणीच जर गरिबाच्या खिशातून होणार असेल, तर तो तपासणी टाळतो आणि पुन्हा परातीकडे वळतो. संशयित अडथळ्याच्या रुग्णाची ही एक तपासणी योजनेने उचलावी. नको असलेल्या एका ईआरसीपीचे तीन आठवडे वाचले, तरी हिशेब जुळेल.

राहिले कावीळ उतरवणारे. त्यांच्याशी भांडून काही साधत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. मी त्यांच्यातल्या दोघा-तिघांना दवाखान्यात बोलावून चहा पाजला आणि एवढेच सांगितले, "बाबा, ज्याचं शौच पांढरं आणि अंग खाजतंय, त्याला हात लावू नका. माझ्याकडे धाडा." त्यातल्या एकाने पुढे खरोखरच रुग्ण धाडले. नाकात थेंब सोडणे मात्र त्याने बंद केले नाही.

पुण्याच्या नळाला येणारे पाणी पानशेत आणि वरसगावच्या धरणांतून येते, आणि ती धरणे वेल्ह्यात आहेत. त्यांच्या पोटात इथली गावे आणि भातखाचरे गेली. भाटघरचे पाणीही भोर तालुका सोडून खालच्या मुलखातले ऊस पिकवते. हा हिशेब मी कोणाला टोमणा म्हणून मांडत नाही. ज्या डोंगरांनी शहराला इतके पाणी पोचवले, त्या डोंगरांतल्या माणसाच्या पोटातले साचलेले पाणी वेळेवर बघायला शहराने एक नंबर राखून ठेवावा, एवढेच मागणे आहे.

तोवर वाचकांनी आपल्या घरापुरते एक करावे. कोणाचे डोळे पिवळे दिसले, तर औषध कोणाचे घ्यायचे या वादात पडण्याआधी त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. लघवी कशी होते, शौचाचा रंग कसा आहे, आणि अंग खाजते का. मी ज्या दिवशी हे विचारले नाही, तो दिवस मला अजून आठवतो.